आधी दुसऱ्याला

खिडकीवाल्या मावशीइतकं भित्रं माणूस त्या वस्तीने दुसरं पाहिलं नसेल. कुत्र्याने नुसती जांभई दिली तरी ती रस्ता बदलायची. शेगडी पेटवताना तोंड फिरवून, हात लांब करून काडी ओढायची आणि भडका न होता शेगडी पेटली की थोडक्यात बचावल्यासारखी मागे सरायची. फोन वाजला की हात आधी छातीवर जायचा, मग फोनवर. तिचा धाकटा भाऊ बेकरीचा टेम्पो चालवायचा. तो तिला भर रस्त्यात "काय भित्री भागूबाई!" अशी हाक मारायचा आणि ती त्या हाकेलाही दचकायची. त्याच्या टेम्पोत ती जन्मात कधी बसली नव्हती. त्याचं गाडी चालवणं पाहिलेल्या कुणीही तिला त्याबद्दल दोष दिला नसता.

वस्ती दगडाच्या खाणीला चिकटून होती. खाणीच्या धुळीने तिचा नवरा खोकून खोकून गेला. मूलबाळ नव्हतं. भावाच्या संसारात किती दिवस अडचण करायची म्हणून तीही इतर बायकांसारखी प्रार्थनाघराच्या रांगेत पावासाठी उभी राहायला लागली. प्रार्थनाघर म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांब खोली, मागे स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराला रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. तिथे कोणत्या देवाची प्रार्थना होते हे वस्तीतल्या निम्म्या लोकांनी कधी विचारलं नव्हतं. पोटात कावळे ओरडत असताना एवढी चौकशी कुणाला सुचते?

प्रार्थना थोरले काका सांगायचे. आवाज लोण्यासारखा, मन त्याहून मऊ, पण रांगेपुढे त्यांचं काडीचं चालायचं नाही. खिडकी उघडली की दांडगे पुढे घुसायचे, म्हाताऱ्यांच्या वाट्याला चुरा यायचा, पोरं चिरडून निघायची. काका खिडकीतून "अरे बाळांनो, अरे बाळांनो" करत राहायचे आणि बाळं एकमेकांच्या उरावर बसलेली असायची. मावशीला भांडणाची भारी धास्ती. भांडी घासायला म्हणून काकांनी तिला आत घेतलं, पण रोज सकाळी तो धिंगाणा ऐकून तिच्या हातातलं पातेलं लटलटायचं. शेवटी भीतीपोटीच तिला एक युक्ती सुचली. तिने पोरांपासून सुरुवात केली. पाव हातात पडला की त्याचा तुकडा मोडून मागच्याला द्यायचा आणि मगच आपण खायचा. नाही दिला तर उद्या खिडकी बंद. काकांनी प्रार्थनेच्या शेवटी ती ओळच जोडून टाकली. "आधी दुसऱ्याला, मग आपल्याला," असं सगळी रांग एका सुरात म्हणायला लागली.

आणि काय सांगावं, ते रुजलं. पोरांचं बघून मोठेही तुकडा मोडायला लागले. मारामाऱ्या थांबल्या. प्रार्थनाघरातून मिळालेलं एकट्याने खाणं म्हणजे पाप, हे वस्तीत कुणी कुणाला न सांगता ठरून गेलं. भांडी घासणारी बाई खिडकीत बसायला लागली आणि तिची खिडकीवाली मावशी झाली. त्या एका चौकटीत तिला कशाची म्हणून भीती वाटायची नाही.

मग औषधं आली. दूरच्या शहरातल्या श्रद्धावान मंडळींनी साखरेच्या आजारावरच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची खोकी पाठवायला सुरुवात केली. आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाई येऊन माणसं तपासायच्या आणि कुणाला काय द्यायचं ते मावशीला नीट समजावून जायच्या. गोळ्यांसाठी वेगळी खोली होती, वेगळी वेळ होती, भिंतीवर हसऱ्या म्हातारा-म्हातारीचं चित्रही होतं. फक्त माणसं येत नव्हती. दुखत नाही, खुपत नाही, मग गोळी कशाला? अशात एक धडधाकट दगडफोड्या आजोबा सकाळी उठला तो अर्धं अंग लुळं घेऊनच. त्याच्या गोळ्या त्या खोलीत तशाच पडून होत्या.

तेव्हा मावशीनेच सुचवलं. "काका, पावासोबतच देऊ या ना गोळी. प्रार्थना झाली की एका हातात पाव, एका हातात गोळी. पावाला कोण नाही म्हणतंय?"

काकांनी मान डोलावली. डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली. दुसऱ्याच महिन्यात सगळे आजारी नेमाने गोळी न्यायला लागले. गोळी कपाळाला लावायचे, रुमालाच्या टोकात बांधायचे आणि पावाबरोबर घरी घेऊन जायचे. ते बघून मावशीचा ऊर भरून यायचा. खरं तर त्या रुमालाकडे बघून तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. कुत्र्याच्या जांभईला घाबरणारी बाई नेमकी तिथेच घाबरायची विसरली.

त्या दिवशी दुपारी ती पातेली पालथी घालत होती. भाऊ रिकामे ट्रे टेम्पोत चढवत होता. तेवढ्यात गोणपाटवाल्या आजीची सून धावत आली. आजी खाणीची फाटकी पोती शिवायची, म्हणून तिला ते नाव. सुनेच्या पायात चप्पल नव्हती.

"मावशी, चिमणी उठत नाहीये."

"झोपली असेल गं."

"झोप नाही ती. हलवते तर मान लोंबकळतेय. मावशी, चला ना!"

चिमणी म्हणजे आजीची नात, पावाच्या रांगेतली सगळ्यात लहान आणि सगळ्यात बडबडी. पदर खोचायचंही भान न राहता मावशी सुनेच्या मागे पळाली. वाटेत दोन कुत्री होती, ती तिला दिसलीसुद्धा नाहीत.

खोलीत पोत्यांचा ढीग होता आणि त्या ढिगावर चिमणी पडली होती. कपाळावर घामाचे थेंब होते आणि अंग थंडगार होतं. हात उचलला की तो ओल्या फडक्यासारखा खाली पडत होता. मेली की काय, हा शब्द मनात येताच मावशीने तो ढकलून दिला, पण तो परत आला.

"काय खाल्लं होतं हिने?"

"काहीच नाही," सून रडत म्हणाली. "कालपासून ताप आहे. सकाळचा पावसुद्धा नको म्हणाली."

आजी कोपऱ्यात सुई हातात धरून बसली होती. ती अगदी शांतपणे म्हणाली, "काळजी करू नका. प्रार्थनेची गोळी दिलीय मी तिला. रोज आम्ही सगळे कण कण वाटून घेतो, आज म्हटलं, पोर आजारी आहे, आज सगळी तिलाच. मी नाही घेतली."

मावशीला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकतंय. "कोणती गोळी, आजी?"

"तुम्ही देता ती. पांढरी."

साखरेची गोळी. धट्ट्याकट्ट्या म्हातारीची साखर खाली आणायला दिलेली अख्खी गोळी, उपाशी पोटी, एवढ्याशा जिवाच्या पोटात. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं एकेक वाक्य मावशीच्या डोक्यात घण घातल्यासारखं वाजायला लागलं. घाम फुटतो, माणूस गळून जातो, बेशुद्ध पडतो. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

शेजारीण तांब्या घेऊन आलीच होती. "नको!" मावशी इतक्या जोरात ओरडली की ती स्वतःच दचकली. "साखर आणा. चिमूटभर. ओली करून द्या." तिने चिमणीला कुशीवर वळवलं आणि बोटाने गालाच्या आतून साखर चोळली. चिमणीचे ओठ हलले नाहीत. तोवर बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. भाऊ मागोमाग आला होता.

जन्मात त्या टेम्पोत न बसलेली बाई पोरीला मांडीवर घेऊन मागे ट्रेच्या मध्ये बसली. भावाने गाडी अशी हाणली की वळणावर ट्रे एका अंगाला घसरले, पण मावशीला भीती वाटायला दुसरं कारण होतं. ती चिमणीच्या नाकापुढे हात धरून होती. श्वास लागायचा, मग लागेनासा व्हायचा, मग पुन्हा लागायचा. आजी समोर बसून डोळे मिटून पुटपुटत होती. ते शब्द मावशीला ओळखीचे होते. शेवटची ओळ तर तिचीच होती.

इस्पितळात एक तरुण डॉक्टर धावत आला. त्याने डोळ्यांत उजेड मारून पाहिला आणि बोटाला सुई टोचली. "हिने काही औषध घेतलंय का?"

"नाही," आजी म्हणाली. "औषध नाही दिलं. फक्त प्रार्थनेचं दिलंय."

डॉक्टर सुनेकडे वळला. तिलाही ते प्रार्थनेचंच वाटत होतं. मग त्याने मावशीकडे पाहिलं आणि मावशीची जीभ टाळूला चिकटली. एका वाक्याचं काम होतं, पण त्या वाक्यामागे काय काय उभं आहे ते तिला लख्ख दिसत होतं. कुणी दिली? मी दिली. कुठे? प्रार्थनाघरात. मग चौकशी, मग कुलूप, मग खाटेला खिळलेले आणखी आजोबा. आणि वस्ती? वस्ती म्हणेल, प्रार्थनाघराने पोरीला विष घातलं. एक क्षण, फक्त एक क्षण, तिला वाटलं की गप्प बसावं, डॉक्टर शिकलेला आहे, त्याला आपोआप कळेल. पुढे कित्येक दिवस तो क्षण आठवला की तिच्या अंगावर काटा यायचा.

"साखरेची गोळी," ती म्हणाली. "आजीची. अख्खी. उपाशी पोटी. मीच दिली होती आजीला, घरी न्यायला." आणि कमरेच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून तिने त्याच्या हातात ठेवलं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. हाताला सुई लागली, बाटली टांगली गेली. बऱ्याच वेळाने चिमणीने कण्हून पाय आखडला. मावशीचा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता, तेवढ्यात डॉक्टर म्हणाला, "आता शुद्धीवर येईल. पण या गोळीचा जोर पुन्हा पुन्हा येतो. एवढ्यात काही सांगता येणार नाही. आणखी कुणी घेतलीय का घरात?"

आणखी कुणी? मावशीला आजीचं वाक्य आठवलं. *रोज आम्ही सगळे कण कण वाटून घेतो.* हे एका घरात होत असेल तर बाकीच्या घरांत काय होतंय?

सुनेला आणि आजीला तिथे ठेवून ती भावाबरोबर परत आली आणि संध्याकाळ व्हायच्या आत दारोदार फिरली. धाप लागलेली, पदर सुटलेला, प्रत्येक दारात तोच प्रश्न. लोक आनंदाने उत्तर देत होते, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं.

"वाटून घेतो ना, मावशी! तुम्ही शिकवलंय, विसरू कसे?" एका गवंड्याने छाती फुगवून सांगितलं. त्याची रक्तदाबाची गोळी तो आणि त्याची पोटुशी बायको अर्धी अर्धी घ्यायचे. पुढच्या दारातली बाई गोळी कुटून पाण्याच्या माठात टाकायची. "म्हणजे आल्यागेल्यालाही मिळते," असं तिचं म्हणणं. त्याच माठातून एक पोर पेला बुडवून पाणी पीत होतं. मावशीने तो पेला त्याच्या हातातून हिसकावून घेतला. पोर रडायला लागलं आणि त्याची आई चकित होऊन बघत राहिली. आजवर मावशीने कुणाच्या हातातलं काही हिसकावलं नव्हतं.

तिने माठ ओतायला लावला. सगळ्यांना बजावलं की घरात असेल ती गोळी परत द्या. काहींनी दिली. काहींनी दार लावून घेतलं. चिमणीची बातमी तिच्याआधीच फिरली होती आणि खाणीवरून परतणारे बाप्ये कोपऱ्याकोपऱ्यावर घोळके करून उभे होते. ती जवळून गेली की बोलणं थांबायचं.

थोरले काका प्रार्थनाघरात एकटेच बाकावर बसले होते. त्यांच्याही तोंडचं पाणी पळालेलं होतं. "ताई, उद्या खिडकी उघडूच नये," ते म्हणाले. "माणसं चिडली आहेत. औषध बंद करू. पाव काय, पुढेमागे बघता येईल."

"आणि ज्यांना गोळी लागतेच त्यांचं काय, काका? तो आजोबा अजून खाटेवर आहे."

"मग वेगळ्या खोलीत देऊ. पूर्वीसारखी."

"पूर्वी कोण येत होतं?"

काका बाकावर पुढे सरकले. मग हळूच म्हणाले, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना!" मावशीचा आवाज फाटला. "माझी पाचावर धारण बसलीय, काका. पण उद्या खिडकी बंद दिसली तर ही माणसं रुमालात उरलेल्या गोळ्या पोरांना देतील. प्रार्थनेचं म्हणून जपून ठेवलेल्या. मला त्याची जास्त भीती वाटते." आणि ती तिथेच बाकावर हुंदके देऊन रडली. काकांनी पाण्याचा पेला पुढे केला. ती पाण्याकडे बघत राहिली, पण ते प्यायली नाही.

सकाळी रांग लागली, पण आवाज नव्हता. मागे बाप्ये हाताची घडी घालून उभे होते. एकाच्या हातात दगड होता. खाणीचा माणूस, नुसता सवयीनेही धरला असेल. मावशी खिडकीत बसली नाही. गोळ्यांचा डबा आणि पाण्याची घागर घेऊन ती बाहेर आली आणि रांगेपुढे उभी राहिली. रांगेच्या वेळी खिडकीच्या या बाजूला ती कैक वर्षांत आली नव्हती. चौकट नसली की माणूस केवढा उघडा पडतो, हे तिला तेव्हा कळलं.

"चिमणी माझ्यामुळे आजारी पडली," ती म्हणाली. बोबडी वळत होती, तरी बोलली. "पाव वाटून खायचा. गोळी वाटायची नाही. जिची तिने, ज्याची त्याने, इथेच, माझ्यासमोर गिळायची. मग तोंड उघडून दाखवायचं. गालात धरून घरी न्यायची नाही. पोराबाळांना द्यायची नाही. कितीही जीव तुटला तरी नाही."

"म्हणजे एकट्याने खायचं?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"एकट्याने."

"सगळ्यांच्या देखत?"

कुणीच पुढे आलं नाही. गवंडी खाली बघत होता. एवढी वर्षं जे पाप म्हणून शिकवलं ते आता चारचौघांत करा म्हणायचं, आणि म्हणणारीही तीच. मागचा दगडवाला दोन पावलं पुढे आला. मावशीने डोळे मिटून घेतले. डब्यातल्या गोळ्या खळखळ वाजत होत्या.

"आण इकडे," कुणीतरी म्हणालं.

गोणपाटवाली आजी होती. इस्पितळातून चालत आली होती आणि पायावर पांढरी धूळ होती. चिमणीबद्दल विचारायचं मावशीला धाडस होईना.

"आहे," आजी म्हणाली. "पहाटे पाणी मागितलं. मग माझ्यावर ओरडली, सुई का टोचली म्हणून." तिने गोळी घेतली. हात सवयीने कपाळाकडे गेला आणि अर्ध्या वाटेवर थांबला. मग तिने गोळी तोंडात टाकली, घोट घेतला, गिळली. तोंड उघडून दाखवलं, आणि त्या उघड्या तोंडानेच तिला रडू फुटलं. "एकटीने खाल्लं गं," ती म्हणाली, "एकटीने खाल्लं."

दगडवाल्याने दगड खाली टाकला आणि तो रांगेत शिरला. त्यालाही रोजची गोळी होती.

तेव्हापासून मावशी रोज सकाळी खिडकीबाहेर उभी राहते आणि एकेकाच्या तोंडात डोकावून बघते. जिभेखाली बघते, गालात बघते, कुणी कुणासाठी काही राखून तर ठेवलं नाही ना. भीती गेलेली नाही. रात्री अंथरुणावर पडली की तिला वाटतं, आज घाईत एकाची जीभ उचलायला लावायची राहिली. मग सकाळपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. भाऊ आता तिला भित्री भागूबाई म्हणत नाही. का ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

चिमणी काही दिवसांनी पुन्हा रांगेत आली. वाळली होती, बडबडही कमी झाली होती. प्रार्थना झाली. शेवटची ओळ सगळ्यांनी म्हटली, तिचे ओठ मात्र मिटलेले होते. मावशीने तिच्या हातात पाव ठेवला, जरा मोठासा. तिच्या मागे उभ्या असलेल्या पोराने नेहमीप्रमाणे तुकड्यासाठी हात पुढे केला.

चिमणीने त्याच्याकडे पाठ केली. अख्खा पाव तिने दोन्ही हातांनी तोंडात कोंबला, घाईघाईने चावला, ठसका लागला तरी गिळला. मग ती मावशीपुढे आली, मान वर केली, आणि शहाण्या मुलीसारखं तोंड उघडून दाखवलं.